दौरा कंपनीचा, उधारी कर्मचाऱ्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) कसा सांभाळावा याचे सल्ले नेहमी येतात. हप्ते वेळेवर भरा, कार्डाची मर्यादा संपवू नका, चार ठिकाणी कर्जाचे अर्ज करू नका. सल्ले रास्तच आहेत. पण ते सगळे माणसाने स्वतःसाठी काढलेल्या कर्जाबद्दल असतात. पगारदार माणूस मालकाच्या कामासाठी स्वतःच्या नावावर जी उधारी करतो, तिच्याबद्दल कुठे अवाक्षर नसतं. मी एका यंत्रनिर्मिती कंपनीच्या लेखा विभागात बरीच वर्षं काम करते. दौऱ्यांची बिलं माझ्या टेबलावरून जातात. त्या बिलांमागे काय चाललेलं असतं ते रोज पाहते, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याच्या कामासाठी प्रवास, त्याने पैसे आधी द्यावेत. कर्मचाऱ्याची बँकेत पत किती, हा प्रश्न त्याच्या दौऱ्याच्या आड येता कामा नये.

बहुतेक ठिकाणी रीत अशी असते: आधी स्वतः खर्च करा, मग बिल लावा. विमानाचं किंवा रेल्वेचं तिकीट कंपनी काढते, कारण ते महिनाभर आधी ठरलेलं असतं आणि एजंटचं खातं असतं. पण राहणं, टॅक्सी, जेवण, सुट्या भागांच्या पेटीचं विमानतळावरचं जादा भाडं, ऐनवेळी वाढलेला मुक्काम हे सगळं त्या माणसाच्या खिशातून जातं. परत आल्यावर तो फॉर्म भरतो, पावत्या क्रमाने चिकटवतो आणि विभागप्रमुखाची सही घेतो. विभागप्रमुख स्वतःच दौऱ्यावर असतात, म्हणून फॉर्म त्यांच्या ट्रेमध्ये पडून राहतो. मग तो आमच्याकडे येतो. एखाद्या पावतीवर कंपनीचं नाव नसतं, एखादी तारीख मुक्कामाशी जुळत नाही, म्हणून शेरा मारून परत जातो. दुसऱ्यांदा येईपर्यंत त्या महिन्याची पगाराची यादी बंद झालेली असते आणि रक्कम पुढच्या पगारात जाते. टॅक्सीच्या आणि हॉटेलच्या पावत्या उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात, त्या कागदावरची अक्षरं हळूहळू पुसट होतात. मी अशा पावत्या दिव्याखाली तिरक्या धरून आकडे वाचलेले आहेत. ज्या माणसाने पैसे भरले त्याला तोवर दमडी मिळालेली नसते, आणि आम्ही त्याच्याकडे सुवाच्य पावती मागत असतो.

ज्याच्या खात्यात चार महिन्यांची शिल्लक आहे, त्याला हे फक्त कटकटीचं वाटतं. ज्याची पत खालावलेली आहे, त्याला हे झेपतच नाही.

पत कशाने खालावते याबद्दल आपल्या समाजात एक घाऊक समज आहे, की माणूस उधळ्या असणार. माझ्या ओळखीच्या लोकांची कारणं वेगळी होती. एकाने आईच्या उपचारांसाठी वैयक्तिक कर्ज घेतलं आणि मध्ये दोन हप्ते चुकले. एकजण चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिला. भावाने भरणं थांबवलं आणि थकबाकीची नोंद जामीनदाराच्या पत-अहवालातही आली. आधीच्या कंपनीने पगार थकवला, म्हणून एकीच्या कार्डाची बाकी साचत गेली. आणि एक नव्यानेच नोकरीला लागलेला मुलगा, ज्याने आयुष्यात कधी कर्जच घेतलेलं नाही. त्याचा गुणांक वाईट नाही, गुणांकच नाही. कार्डासाठी अर्ज केला की बँकेचं उत्तर मात्र पत खालावलेल्याला आणि त्याला एकच येतं. हे सगळे लोक कामात पक्के आहेत, आणि तरीही दौऱ्याची यादी लागली की यांचे चेहरे पडतात.

हॉटेलच्या काउंटरवर नेमकं काय होतं, ते दौरे मंजूर करणाऱ्या बऱ्याच साहेबांना माहीत नसतं, कारण त्यांची कार्डं कधी अडत नाहीत. आपण मुक्कामाला जातो तेव्हा हॉटेल कार्डावर एक रक्कम अनामत म्हणून अडवून ठेवतं, खोलीचं भाडं आणि वर जेवण, धुलाई, मोडतोड यांच्या नावाने आणखी काही. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढी मर्यादा कमी होते, प्रत्यक्ष पैसे जात नाहीत. डेबिट कार्ड असेल तर खात्यातले खरे पैसे अडकतात. खोली सोडल्यावर हॉटेलने रक्कम मोकळी केली तरी बँकेकडून ती खात्यात दिसायला कधी दोन-चार दिवस, कधी त्याहून बरेच जास्त लागतात. म्हणजे डेबिट कार्डावर फिरणाऱ्याला एका मुक्कामासाठी मुक्कामाच्या खर्चापेक्षा जास्त पैसे हाताशी लागतात. तो लगेच दुसऱ्या गावी गेला, तर पहिल्या हॉटेलात अडकलेले पैसे असतानाच दुसऱ्या हॉटेलची अनामत भरायची. भाड्याने गाडी घ्यायची तर त्याहून कठीण, अनेक ठिकाणी डेबिट कार्ड घेतच नाहीत.

आमचा एक सर्व्हिस इंजिनिअर रात्री उशिरा ग्राहकाच्या गावी पोचला. दोन रात्रींचं भाडं त्याच्या खात्यात होतं. अनामतीसकट रक्कम टाकल्यावर यंत्राने नकार दिला. रिसेप्शनवरच्या मुलाने कार्ड परत करत विचारलं, दुसरं कार्ड आहे का? मागे रांगेत माणसं उभी होती. त्याने बाजूला होऊन मला फोन केला, कारण लेखा विभागातला त्याच्याकडे असलेला एकमेव नंबर माझा होता. रात्री त्या वेळी मला एक पैसाही पाठवता येत नव्हता, कंपनीच्या खात्यातून पैसे जायला दोन सह्या लागतात. शेवटी सकाळी ज्या ग्राहकाचं यंत्र दुरुस्त करायचं होतं, त्याच्याच कारखान्यातल्या एका अभियंत्याने येऊन अनामत भरली. पुरवठादाराच्या माणसाची अनामत ग्राहकाने भरली. हा इंजिनिअर सकाळी त्याच माणसासमोर उभा राहून काम करून आला, आणि काम चोख करून आला.

परतल्यावर कुणीतरी सुचवलं, की पुढच्या वेळी ‘दुसऱ्या कुणाला’ पाठवावं. आणि तसंच झालं. ज्या यंत्राची नस त्याला इतर कुणाहूनही चांगली कळते, त्या यंत्राच्या कामावरून त्याचं नाव हळूहळू निघालं. आमच्याकडे बढतीच्या वेळी ग्राहकाकडे केलेलं काम मोजलं जातं. त्याच्या वार्षिक अहवालात ‘प्रवासास अनुत्सुक’ असा शेरा मी वाचला तेव्हा मला फार राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

आता आपल्या पानावरच्या सल्ल्यांकडे येते. अमेरिकेत १९८९ पासून वापरात असलेल्या फायको गुणांकाची ढोबळ वाटणी जाहीर आहे: ३५ टक्के वजन वेळेवर परतफेडीला, ३० टक्के किती देणं बाकी आहे याला, उरलेलं खात्यांचं वय, नवी कर्जं आणि कर्जांचे प्रकार यांना. तिथे आकडा ३०० ते ८५० असतो, आपल्याकडच्या सिबिलचा ३०० ते ९००. सूत्रं वेगवेगळी असली तरी परतफेडीची शिस्त आणि मर्यादेचा वापर या दोन गोष्टी सगळीकडे महत्त्वाच्या. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहा, असं आपणच छापता. पण ज्याची पत आधीच कमकुवत, त्याच्या कार्डाची मर्यादाही तोकडी असते. आठवड्याच्या एका दौऱ्यात तिचा ७०-८० टक्के भाग सहज संपतो. हा खर्च कंपनीचा होता, हे पत-अहवालात कुठेही लिहिलेलं नसतं. बँक माहिती कळवते तेव्हा जी बाकी दिसते ती त्या माणसाची बाकी. म्हणजे त्याने पै न पै वेळेवर फेडली तरी कंपनीच्या दौऱ्यांमुळे त्याचा गुणांक वर यायला त्रास होतो.

आणि वेळेवर फेडणार कुठून? कार्डाची बिनव्याजी मुदत साधारण २० ते ५० दिवसांची, खरेदी बिलाच्या तारखेच्या किती आधी झाली त्यावर अवलंबून. आमच्याकडून क्लेम पास व्हायला त्याहून जास्त वेळ लागला, की पूर्ण रक्कम भरली जात नाही. मग मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, तेवढीच भरायची. एकदा बाकी मागे राहिली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते, आणि व्याज अनेकदा महिन्याला ३ टक्क्यांहून जास्त असतं. कार्डावरून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क वेगळं. ज्याच्याकडे कार्डच नाही, तो मोबाइलवरच्या झटपट कर्जाकडे वळतो किंवा सहकाऱ्याकडून उसने घेतो. या व्याजाचा एक रुपयाही आमच्या फॉर्ममध्ये मागता येत नाही, त्यासाठी रकानाच नाही. कंपनीला मात्र महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरायला मिळतात, आणि तेही संस्थेतल्या सर्वांत कमी पगाराच्या फिरत्या माणसांकडून. हिशेबाच्या माणसाला ही गोष्ट दिसल्यावर गप्प बसवत नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: आम्ही कंपनीचं कार्ड देतो की! त्या कार्डाच्या अटी वाचाव्यात. काही कार्डांची देणी कंपनीच्या नावावर असतात, बिल कंपनी भरते. काहींवर कंपनीचं बोधचिन्ह असतं, पण देणेकरी कर्मचारीच असतो. अशा कार्डासाठी बँक कर्मचाऱ्याचीच पत तपासू शकते आणि क्लेम अडला की तगादाही त्यालाच लावते. तिसरा प्रकार संयुक्त जबाबदारीचा. कुठलं कार्ड आहे हे देताना कुणी समजावून सांगत नाही, फक्त सही घेतात.

व्यापारी प्रवासाच्या उधारीची सुरुवात अशी नव्हती. १९३० च्या दशकात अमेरिकी विमान कंपन्यांनी एअर ट्रॅव्हल कार्ड काढलं, तेव्हा कंपनी विमान कंपनीकडे अनामत ठेवायची आणि तिची माणसं त्या भरवशावर उडायची. पत मालकाची होती. पुढे घरोघरी वैयक्तिक कार्डं पोचली आणि हा भार नकळत कर्मचाऱ्याकडे सरकला. नकळत म्हणते, कारण कुठल्याही नेमणूकपत्रात ‘उमेदवाराकडे पुरेशी कर्जमर्यादा असावी’ अशी अट मी वाचलेली नाही. अट लिहिलेली नाही, तरी लागू आहे.

जगात याचा विचार झालेला आहे. जर्मनीच्या नागरी संहितेत, जी १ जानेवारी १९०० पासून लागू आहे, कलम ६७० प्रमाणे सोपवलेल्या कामासाठी केलेला आवश्यक खर्च काम सोपवणाऱ्याने भरून द्यायचा असतो. न्यायालयं हे तत्त्व नोकरीलाही लावतात. त्याच्याच आधीचं कलम ६६९ मला जास्त महत्त्वाचं वाटतं: मागितल्यास त्या खर्चाची आगाऊ रक्कम द्यायची. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेतलं कलम २८०२ मालकाला असा खर्च भरून द्यायला लावतं, आणि प्रकरण निवाड्यापर्यंत गेलं तर व्याज धरलं जातं ते कर्मचाऱ्याने खर्च केला त्या दिवसापासून. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९८ च्या कायद्याने आपल्या कर्मचाऱ्यांना दौऱ्यासाठी सरकारी कार्ड वापरणं बंधनकारक केलं, पण त्यासोबत स्वतःवरही बंधन घातलं: व्यवस्थित भरलेला क्लेम मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे, उशीर झाला तर कर्मचाऱ्याला विलंब शुल्क. ज्यांची पत कमी भरते त्यांना तिथे कमी मर्यादेचं कार्ड देतात, दौऱ्यावरून काढून टाकत नाहीत. आपल्याकडेही सरकारी खात्यांत दौऱ्याआधी प्रवासभत्त्याची आगाऊ रक्कम मागता येते. खासगी कंपन्यांत मात्र टूर ॲडव्हान्स हा प्रकार ‘जुना’ म्हणून बंद होत चालला आहे.

बंद का केला, याचं कारण मी बैठकांत ऐकलेलं आहे: लोक ॲडव्हान्स घेतात आणि हिशेब देत नाहीत. असे लोक असतात, मी त्यांच्या मागे लागलेली आहे. पण त्यावर उपाय कंपनीच्या हातात असतो. हिशेब न दिलेल्या ॲडव्हान्सची वसुली पगारातून करता येईल अशी लेखी संमती दौऱ्याआधीच घेता येते, आणि हिशेब पूर्ण होईपर्यंत पुढचा ॲडव्हान्स थांबवता येतो. कर्मचाऱ्याचे पैसे कंपनीकडे अडकले तर त्याने कुणाच्या पगारातून कापायचे? दोन्ही बाजूंना जोखीम असेल, तर ती सोसण्याची ताकद कुणाकडे जास्त आहे हे पाहून ठरवायला हवं.

आता तर सोयीही भरपूर आहेत. ट्रॅव्हल एजंटकडे कंपनीचं एकच खातं ठेवून तिकिटं आणि हॉटेलं तिथूनच भरता येतात. एका मुक्कामापुरता, ठराविक रकमेचा कार्ड क्रमांक काढून हॉटेलला आधीच पाठवता येतो. नेहमीच्या हॉटेलांशी बिल थेट कंपनीला पाठवण्याचा करार करता येतो. टॅक्सी-जेवणासाठी कंपनीने पैसे भरलेलं प्रीपेड कार्ड देता येतं, फक्त हॉटेलच्या अनामतीसाठी त्यावर विसंबू नये, कारण पुष्कळ हॉटेलं ते अनामतीला घेत नाहीत. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर निघण्याआधी खात्यात अंदाजे रक्कम जमा करायला कुठलं तंत्रज्ञान लागत नाही. क्लेमचे पैसे पगाराच्या यादीला बांधून ठेवायचीही गरज नाही. पुरवठादारांची देणी आम्ही दर आठवड्याला चुकती करतो, त्याच दिवशी दौऱ्यांची बिलंही चुकती होऊ शकतात.

ज्यांना येत्या आठवड्यातच निघायचं आहे आणि कंपनी बदलण्याची वाट पाहता येत नाही, त्यांच्यासाठी टेबलाच्या या बाजूने दोन शब्द. ॲडव्हान्स तोंडी मागू नका, ईमेलने मागा, खर्चाचा अंदाज जोडा. पत कमी आहे हे सांगायची गरज नाही, ‘कंपनीच्या खर्चासाठी आगाऊ रक्कम हवी आहे’ एवढं कारण पुरेसं आहे. हॉटेलला आधी फोन करून अनामत किती आणि डेबिट कार्ड चालेल का, हे विचारा. बिल थेट आम्हाला पाठवा, असं कंपनीचं पत्र मिळालं तर त्यात अनामतही येते का ते वाचून घ्या, नाहीतर भाडं कंपनीचं आणि अनामत तुमची, असा घोळ होतो. मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड कमी पत असलेल्यांनाही बहुधा मिळतं, तेवढी ठेव अडकवणं शक्य असेल तर ते फक्त दौऱ्यांसाठी ठेवा आणि पैसे हाती येताच बिलाची वाट न पाहता भरा, म्हणजे पत-अहवालात बाकी मोठी दिसण्याची शक्यता कमी होईल. लांबच्या मुक्कामात मधेच अर्धा क्लेम लावायची परवानगी मागा. पावतीचा फोटो तिथल्या तिथे काढा. आणि कार्डावरून रोख काढणं शक्यतो टाळाच.

पण हे सगळं करायला लागू नये, असंच मला वाटतं. कारण यातलं जवळजवळ प्रत्येक पाऊल कर्मचाऱ्याला त्याची घरची अडचण कुणासमोर तरी उघडी करायला लावतं. ॲडव्हान्स मागायला आलेली माणसं माझ्या टेबलाशी आधी आसपास कुणी नाही ना ते पाहतात. आवाज खाली आणतात. कामाच्या पैशांसाठी आलेल्या माणसाला असं का करावं लागतं?

आमच्या प्रवास-विनंतीच्या फॉर्ममध्ये ‘आगाऊ रक्कम हवी असल्यास कारण’ असा रकाना आहे. त्यात लोक ‘घरगुती अडचण’, ‘आजारपण’, ‘कार्ड बंद’ असं लिहितात आणि तो कागद चार टेबलांवरून फिरतो. तो रकाना काढून टाकावा, आगाऊ रक्कम सर्वांना न मागता मिळावी आणि नको असेल त्याने तसं कळवावं, असा लेखी प्रस्ताव मी व्यवस्थापनाकडे दिला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या सहीने दौरे मंजूर होतात, त्यांनी आपल्या कंपनीतला हा फॉर्म एकदा मागवून पाहावा आणि त्यात असा रकाना असेल तर तो खोडावा, ही विनंती.

आपली,
लेखा विभागातील एक कर्मचारी
(नोकरीत असल्याने नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये.)